अरुंद गल्ल्यांचं गाव आणि बिनखांबी सभामंडप: जिरोना कसं बघावं

बार्सिलोनाला जाणारी आपली बहुतेक मंडळी सग्रादा फामिलिया चर्चसमोर फोटो काढतात, रांब्ला या रस्त्यावरून एक फेरी मारतात आणि परतीचं विमान पकडतात. त्यातला एक दिवस वाचवून उत्तरेकडच्या गाडीत बसलात, तर 100 किलोमीटरवरच्या जिरोनाला वेगवान रेल्वे साधारण 40 मिनिटांत सोडते. इथली, म्हणजे स्पेनच्या कॅटलोनिया प्रांतातली, कॅटलान माणसं या नावाची सुरुवात ‘झि’च्या जवळ जाणाऱ्या मऊ उच्चाराने करतात. स्पॅनिशमध्ये त्याचं ‘हेरोना’ होतं आणि रोमन लोक ‘गेरुंडा’ म्हणायचे. तीन उच्चार ऐकून तीन गावं समजू नका.

या गावात काय काय बघावं याच्या याद्या पुष्कळ मिळतात. पण यादी हातात घेऊन फिरलं की दोन तासांनी सगळे दगड सारखेच दिसायला लागतात, आणि मग माणूस आइस्क्रीमचं दुकान शोधतो. त्यापेक्षा एकच प्रश्न डोक्यात ठेवून फिरा. ज्या गावात दोन्ही हात पसरले तर दोन्हीकडच्या भिंतींना लागतील अशा गल्ल्या आहेत, त्याच गावाच्या माथ्यावरच्या कॅथेड्रलमध्ये, म्हणजे बिशपच्या मोठ्या चर्चमध्ये, जवळजवळ 23 मीटर रुंदीचा, मध्ये एकही खांब नसलेला सभामंडप कुणाला आणि कशासाठी बांधावासा वाटला?

स्टेशन नव्या गावात आहे. तिथून चालत निघालं की पंधरा मिनिटांत ओन्यार नदी लागते आणि पलीकडे जुनं गाव सुरू होतं. नदीवर थेट पाण्यातून वर आल्यासारखी घरांची रांग दिसते. गेरू, पिवळा, विटकरी, फिकट हिरवा असे तिचे रंग. जिरोनाचं प्रत्येक पोस्टकार्ड इथलंच. ही घरं हळूहळू, शहराच्या तटाला पाठ लावून उभी राहिली. आत जागा नव्हती, म्हणून माणसं नदीच्या बाजूने बाहेर सरकली. मागच्या बाजूला जमेल तशी काढलेली सज्जे, न्हाणीघरं आजही दिसतात. रंग मात्र पुरातन नाहीत. 1980च्या दशकात चित्रकार एन्रिक आन्सेसा आणि काही स्थापत्यकारांनी मिळून रंगांचा एक ठरावीक संच तयार केला आणि त्यानुसार घरं रंगवली गेली. त्याआधी ही बाजू बऱ्यापैकी कळकट होती. मला यात फसवणूक वाटत नाही. गावाने आपलं परसदार झाडूनपुसून दर्शनी केलं, एवढंच.

यांतलं एकच घर आत जाऊन बघता येतं, ते राफाएल मासो या स्थापत्यकाराचं जन्मघर. सग्रादा फामिलियाचा स्थापत्यकार गाउदी आणि त्याच्या पंथाच्या वळणावळणांच्या नटव्या शैलीनंतर कॅटलोनियात जी संयत, नेटकी शैली आली, तिचा हा जिरोनातला मोठा माणूस (1880 ते 1935). शेजारी नदीवर लाल लोखंडी जाळीचा पूल आहे. तो गुस्ताव्ह आयफेलच्या कंपनीने 1877 मध्ये बांधला, पॅरिसचा मनोरा उभा राहण्याच्या 12 वर्षं आधी. पुलावरून जाताना डोक्यावर, दोन्ही बाजूंना पट्ट्यांच्या फुल्या दिसतात. मनोऱ्याच्या सांगाड्यातही अशाच फुल्या आहेत.

पूल ओलांडला की गाव आवळत जातं. कारण हे गाव रस्त्यावर बसलेलं आहे. रोमहून आजच्या फ्रान्समधून येणारी वाट पुढे स्पेनच्या दक्षिणेकडे नेणारा रोमन महामार्ग, व्हिया ऑगस्टा, इथून जायचा. तो अडवता यावा अशी मोक्याची जागा बघून रोमनांनी इ.स.पू. पहिल्या शतकात टेकडीच्या उतारावर त्रिकोणी तटबंदी बांधली आणि महामार्ग तिच्या आतून नेला. तो रस्ता अजून वापरात आहे. आज त्याला ‘कॅरेर दे ला फोर्सा’ म्हणतात, म्हणजे किल्ल्याची गल्ली. एकेकाळचा हमरस्ता म्हणून तिच्याकडे बघितलं तर हसू येतं, इतकी ती चिंचोळी आहे.

रस्ता अडवणाऱ्या गावाला शांतता मिळत नाही. फ्रान्समधून स्पेनमध्ये उतरणाऱ्या प्रत्येक फौजेला आधी जिरोना घ्यावं लागायचं. 785 मध्ये गाव मुस्लिम सत्तेकडून शार्लमेनच्या फ्रँक राज्याकडे गेलं. 1285 मध्ये फ्रान्सचा राजा तिसरा फिलिप चालून आला, तेव्हा गावाचा पालक संत नार्सिस याच्या थडग्यातून माश्यांचे थवे निघाले आणि फ्रेंच फौजेला पळवून लावलं, अशी दंतकथा आहे. छावणीत रोगराई पसरली होती, हा त्यातला खरा भाग. म्हणून इथे माशी शुभ मानतात आणि चॉकलेटच्या माश्याही विकायला असतात. 1809 मध्ये नेपोलियनच्या सैन्याचा वेढा तर सात महिने चालला आणि उपासमारीने, रोगाने गाव अक्षरशः पिंजून निघालं. वेढ्यांचं गाव हे त्याचं टोपणनाव उगाच पडलेलं नाही. तटाबाहेर राहणं धोक्याचं, आत जागा मोजकी. मग घरावर घर, भिंतीला भिंत, आणि गल्लीवर कमान टाकून त्यावर खोली.

चालता चालता भिंतींचा दगड जवळून बघा. करड्या चुनखडीत मसुराच्या डाळीएवढे, काही ठिकाणी रुपयाएवढे, गोल चपटे ठिपके दिसतील. ते न्युम्युलाइट नावाच्या सागरी जीवांचे अवशेष आहेत. हा भाग कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्राखाली होता तेव्हाचे. एका पेशीचा जीव आणि नाण्यासारखं कवच. नावही लॅटिनमधल्या ‘छोटं नाणं’ या शब्दावरून पडलं. रोमन तट, मध्ययुगीन घरं, चर्च, पायऱ्या, सगळं याच दगडाचं आहे. म्हणून हजारेक वर्षांच्या अंतराने बांधलेल्या भिंतीही एकमेकींत बेमालूम मिसळतात. काळ ओळखायचा तर आकार बघायचा. तळाचे बैलगाडीला जड जातील असे मोठे चिरे रोमन, वरचे लहान दगड नंतरचे. गल्लीतल्या एकाच भिंतीत दोन्ही सापडतात.

याच फोर्सा गल्लीच्या दोन्ही अंगांना ज्यू वस्ती होती. तिला ‘कॉल’ म्हणतात. इथे ज्यू कुटुंबं 9व्या शतकाच्या अखेरीपासून राहत होती. ‘कॉल’ म्हणजे केवळ मोहल्ला नव्हे, हे समजून घेतलं तर पुढचं कळतं. हे लोक शहराच्या कारभाऱ्यांच्या नव्हे, तर थेट राजाच्या अखत्यारीत होते. कर राजाला द्यायचा आणि संरक्षण राजाने करायचं. त्यांच्यासाठी ‘राजाचा खजिना’ असेच शब्द वापरले जायचे. राजा बळकट असला की वस्ती सुरक्षित. राजा कमजोर झाला किंवा त्याचं लक्ष दुसरीकडे गेलं, की शेजाऱ्यांचा राग आणि चर्चचा दबाव दोन्ही एकदम अंगावर. आणि वस्ती तर कॅथेड्रलच्या पायथ्याशीच.

13व्या शतकात मात्र या काही गल्ल्यांत ज्यू जगातली मोठी बुद्धिमत्ता नांदत होती. काबाला म्हणजे ज्यू गूढविद्या. युरोपात ती जिथे रुजली त्या पहिल्या केंद्रांपैकी जिरोना एक. मोशे बेन नाहमान, म्हणजेच नाहमानिदेस, हा वैद्य, भाष्यकार आणि धर्मपंडित इथलाच. 1263 मध्ये आरागॉनचा राजा पहिला जेम्स याने त्याला बार्सिलोनाच्या दरबारात एका धर्मांतरित ख्रिस्ती प्रचारकाशी जाहीर वाद घालायला बोलावलं. वाद उत्तम झाला, पण तो त्याने लिहून काढला आणि तेच भोवलं. काही वर्षांतच त्याला म्हातारपणी देश सोडावा लागला आणि 1270 मध्ये पवित्र भूमीतच त्याचा शेवट झाला. 1391 मध्ये जमावाने वस्तीवर हल्ला केला. वाचलेल्यांना कित्येक आठवडे एका बुरुजात कोंडून घेऊन राहावं लागलं. 1492 मध्ये हकालपट्टीचा हुकूम निघाला आणि वस्ती संपली. (त्याच हुकमाने स्पेनच्या दुसऱ्या टोकाहून पोर्तुगालला गेलेल्या एका कुटुंबातला मुलगा पुढे गोव्यात आला. तो गार्सिया द ओर्ता. भारतीय औषधी वनस्पतींवरचं त्याचं पुस्तक 1563 मध्ये गोव्यातच छापलं गेलं. तो गेल्यावर इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याची हाडं उकरून जाळली.)

लोक गेल्यावर गल्ल्यांची तोंडं चिणली गेली, वर घरं चढली आणि कित्येक गल्ल्या शतकानुशतकं नकाशावरूनच नाहीशा झाल्या. 20व्या शतकाच्या उत्तरार्धात त्या पुन्हा मोकळ्या केल्या. शेवटचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, जिथे होतं तिथे आज ज्यू इतिहासाचं संग्रहालय आहे. आतले हिब्रू अक्षरांचे थडग्यांचे दगड आवर्जून बघा. गल्ल्यांमध्ये दाराच्या उजव्या चौकटीवर तिरपी खाच दिसली तर थांबा. धर्मवचनाची गुंडाळी असलेली मेझुझा तिथे बसवलेली असायची. गुंडाळी गेली, खाच राहिली.

या बोळांतून वर आलात की अचानक मोकळं आकाश दिसतं आणि समोर पायऱ्या. 17व्या शतकातला हा जिना नव्वदेक पायऱ्यांचा आहे. तो चढताना दम लागतो आणि वरचं कॅथेड्रलचं दर्शनी तोंड अधिकाधिक उंच वाटू लागतं, तसाच त्याचा बेत आहे. हे तोंड बरोक शैलीतलं, पुष्कळ उशिराचं, आणि त्यावरचं मूर्तिकाम पूर्ण व्हायला तर 20वं शतक उजाडलं. मला विचाराल तर ते नुसतं मुखवट्यासारखं आहे. खरं काम आत आहे.

गॉथिक, म्हणजे युरोपच्या मध्ययुगातल्या टोकदार कमानींच्या शैलीतलं, चर्च आपल्या देवळाच्या भाषेत समजून घेणं सोपं जातं. वेदी असते तो गाभारा, लोक बसतात तो सभामंडप. जिरोनात जुनं चर्च होतं, 1038 मध्ये प्रतिष्ठा झालेलं. ते लहान पडायला लागलं म्हणून 1312 मध्ये नवा गाभारा बांधायला घेतला, तोही त्या काळच्या रिवाजाप्रमाणे तीन पट्ट्यांचा. मधला पट्टा उंच, दोन्ही बाजूचे बुटके, मध्ये खांबांच्या रांगा. 1347 मध्ये त्याची प्रतिष्ठा झाली. आता तेच तीन पट्टे पुढे ओढत नेले की सभामंडप तयार, असं कुणालाही वाटेल. पण कुणीतरी म्हणालं, खांब हवेतच कशाला? या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एकच कमान टाकू.

हे ऐकून गवंडी का दचकले असतील, ते रंगाऱ्याची घोडी आठवली की कळतं. दोन शिड्या वर एकमेकींना टेकवून उभ्या केल्या तर त्या उभ्या राहतात, पण खालचे पाय बाहेर सरकू बघतात. म्हणून रंगारी मध्ये दोरी बांधतो. दगडी कमान म्हणजे अशीच घोडी. वरचं वजन नुसतं खाली जात नाही, ते पायांना बाहेरही ढकलतं. या ढकलण्याला रेटा म्हणू. कमान जितकी रुंद, तितकं छताचं वजन जास्त आणि रेटाही जास्त. उंची त्याच प्रमाणात वाढली नाही तर रेटा आणखी चेव घेतो. पॅरिसच्या नोत्र दामचा मधला पट्टा साधारण 12 मीटर रुंद आहे. इथे जवळजवळ दुप्पट मागितलं होतं.

दोरी बांधायची सोय नाही, कारण ती मंडपात डोक्यावर लोंबेल. मग उरतो एकच उपाय, पायांना बाहेरून धिरा द्यायचा. उत्तर फ्रान्समध्ये यासाठी भिंतीपासून दूर जाड खांब उभे करून, तिथून हवेतून तिरक्या दगडी बाह्या आणून भिंतीला टेकवत. बाहेरून ते कोळ्याच्या पायांसारखं दिसतं आणि प्रवाशांना फार आवडतं. कॅटलान गवंड्यांनी वेगळी युक्ती केली. धिऱ्याच्या जाडजूड भिंती त्यांनी मंडपाला काटकोनात लावल्या आणि दोन भिंतींमधली जागा आत घेऊन तिथे लहान लहान देवघरं केली. म्हणजे जे टेकू आहेत तेच खोल्यांच्या भिंती आहेत. बाहेरून इमारत सपाट, ठोकळ्यासारखी दिसते, आणि आत रेटा कुठे गेला ते कळतही नाही. मंडपात उभं राहून दोन्ही बाजूच्या देवघरांच्या भिंती मोजा. तेच या छताचे खरे खांब, फक्त कडेला उभे केलेले.

तरी भीती होतीच. वाद 1386 मध्ये एकदा होऊन गेला होता. 1416 मध्ये कामाचा मुख्य गवंडी गुइयेम बोफिल असताना, बार्सिलोना, तारागोना, पर्पिन्याँ, नार्बोन अशा गावांतून नामांकित गवंडी-स्थापत्यकार बोलावले आणि प्रत्येकाला शपथेवर विचारलं: एकच कमान टाकली तर ती सुरक्षित राहील का? नसेल तर तीन पट्टे पुढे नेणं ठीक का? आणि या गाभाऱ्याला शोभेल असं काय? यांची उत्तरं नोंदवून ठेवलेली आहेत. मला ती या गावातली सगळ्यांत मोलाची गोष्ट वाटते, कारण त्या काळच्या कारागिरांचे शब्द फार क्वचित हाती लागतात.

बहुतेकांचं म्हणणं पडलं, की काम टिकेल. अडलं होतं ते दिसण्यावर. तीन पट्ट्यांच्या गाभाऱ्यापुढे एवढा प्रचंड एकसंध मंडप विजोड दिसेल, असं पुष्कळांना वाटलं. एकाने भूकंप आणि वादळाची शंका काढली. बोफिलची बाजू अशी, की एका कमानीचा मंडप अधिक भव्य होईल आणि त्यात उजेड भरपूर येईल. 1417 मध्ये बिशप आणि त्याच्या मंडळाने त्याच्या बाजूने कौल दिला. कमी वेळात आणि कमी खर्चात होईल, हेही कारण नोंदलेलं आहे. छत पुरं झालं ते 17व्या शतकाच्या सुरुवातीला! बांधकामाचे अंदाज सगळीकडे सारखेच चुकतात. भूकंपाची शंका काढणाऱ्याचं मात्र हसू करू नका. 1427 आणि 1428 मध्ये याच भागाला मोठे धक्के बसले.

आता मंडपाच्या मागच्या टोकाला जाऊन गाभाऱ्याकडे तोंड करून उभे राहा. समोरच्या विशाल भिंतीच्या तळाशी तीन कमानींचा गाभारा एखाद्या कोनाड्यासारखा दिसेल, आणि वर उरलेल्या कोऱ्या भिंतीत तीन गोल खिडक्या पाडलेल्या. विजोड दिसेल म्हणणारे बरोबर होते. आणि उजेडाबद्दल बोफिलही बरोबर होता. मान वर करून सुमारे 34 मीटरवरचं छत बघा. गॉथिक चर्चमध्ये याहून रुंद सभामंडप जगात दुसरा नाही. ज्या लोकांना गल्लीत आकाशाची एक पट्टी दिसायची, त्यांना रविवारी आत आल्यावर काय वाटत असेल, याचा अंदाज बोळांतून चढून आलेल्यालाच येतो. म्हणून कॅथेड्रल सुरुवातीला बघू नका, आधी कॉलमधून फिरून या.

खजिन्याच्या दालनात दोन वस्तूंसाठी वेळ ठेवा. एक ‘सृष्टीचा पडदा’. याला विणलेला पडदा म्हणतात, पण खरं तर ते 11व्या-12व्या शतकातलं लोकरीच्या धाग्याचं भरतकाम आहे. उरलेला भागही साडेतीन मीटरहून उंच आणि साडेचार मीटरहून रुंद. मधोमध चक्रात ख्रिस्त, त्याभोवती पाकळ्यांसारखे सृष्टीच्या उत्पत्तीचे प्रसंग, कोपऱ्यांत चार वारे आणि कडेने महिन्यांची शेतीची कामं. आदम प्राण्यांना नावं देतोय तो भाग शोधा, लहान मुलांनाही लगेच कळतो. दुसरी वस्तू 975 मधलं हस्तलिखित, बायबलमधल्या जगाच्या अंताच्या दृष्टान्तांवरच्या भाष्याचं. त्यातली चित्रं काढणाऱ्यांत एन नावाची एक बाई आहे. तिने शेवटी सही केली आहे, ‘चित्रकार आणि देवाची साहाय्यक’ अशी. त्या काळातल्या युरोपातल्या बाईची चित्रकार म्हणून सही! ग्रंथ काचेत असतो, एकच पान उघडं दिसतं. तेवढ्यावर समाधान मानावं लागतं.

खालच्या संत फेलिउ चर्चला अर्धा तास पुरतो. वीज पडून 1581 मध्ये त्याच्या मनोऱ्याचं टोक गेलं ते गेलंच. आत वेदीजवळच्या भिंतींत आठ रोमन आणि आद्य ख्रिस्ती शवपेट्या बसवल्या आहेत. त्यांतल्या एकीवर सिंहाची शिकार आहे, दुसरीवर रोमन पुराणातला पाताळाचा देव प्रोसर्पिना देवीला पळवून नेतोय. चर्चमध्ये, वेदीपाशी, बिनदिक्कत. चांगला कोरलेला दगड टाकून द्यायचा नाही, हा या गावाचा खाक्या. बाहेर चौकात खांबावर चढलेली दगडी सिंहीण आहे. तिच्या पार्श्वभागाचं चुंबन घेईल तोच जिरोनाचा रहिवासी, अशी म्हण आहे. ती प्रतिकृती आहे, मूळ सिंहीण संग्रहालयात सुरक्षित आहे.

जवळची ‘अरबी स्नानगृहं’ नावाला फसू नका. 1194 मध्ये, ख्रिस्ती राजवटीत, ख्रिस्ती गवंड्यांनी बांधलेली आहेत. फक्त कल्पना मुस्लिम हमामांची, आणि त्यांच्यामागे रोमनांची. आठ नाजूक खांबांवरच्या झरोक्यातून खालच्या अष्टकोनी कुंडावर उजेड पडतो, तो सकाळी बघावा. पुढे ही जागा जोगिणींच्या मठात गेली आणि तिथे त्यांचं धुणं-स्वयंपाक चालायचं.

शेवटी तटावर चढा. पश्चिमेचा, नदीपलीकडचा तट 19व्या शतकाच्या अखेरीपासून गाव वाढवायला पाडला. टेकडीकडचा राहिला आणि त्यावरून चालता येतं. हवा स्वच्छ असेल तर पिरेनीजची रांग दिसते. उतरताना कॅथेड्रलच्या मागच्या बागांमध्ये थांबा. मंडपात जो विजोडपणा आतून दिसला तो इथे बाहेरून दिसतो: गाभारा बुटका आणि त्याच्या मागून मंडपाची भिंत एखाद्या कड्यासारखी वर आलेली. तिला खेटून जुन्या चर्चचा चौकोनी मनोरा उभा आहे, शार्लमेनचा म्हणतात तो. शार्लमेन स्वतः जिरोनात कधी आला नाही. पण नवा मंडप बांधताना गवंड्यांनी हा मनोरा पाडला नाही, त्याला छताचा रेटा झेलायला लावलं. फुकटचा धिरा.

तिथेच वर बघितलंत तर पाणी ओकणाऱ्या दगडी पन्हाळींमध्ये एक बाई दिसेल. ती चेटकीण होती, मिरवणुकीवर दगड मारायची, म्हणून देवाने तिला दगड करून भिंतीत बसवलं, असं गावकरी सांगतात. पाऊस असेल तर छत्री घेऊन जा, तिच्या तोंडून पाणी येताना बघता येईल.